पास झालेली बाभूळ

ताईच्या स्वयंपाकघरामागेच टेकडीचा उतार होता आणि दर पावसात तो थोडा थोडा तिच्या ओट्याखाली मुक्कामाला यायचा. तिचा धाकटा भाऊ नेमका वनखात्यात, माती धरून ठेवणारी झाडं निवडायच्या कामावर. मजूर त्याला रोपसाहेब म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी रोपसाहेबांनी त्या उतारावर निलगिरी, सुरू आणि बाभूळ लावून बघितली होती. आता त्यातलं एक झाड निवडून अख्खा उतार भरायचा होता, नाहीतर यंदा ताईचं घर गेलंच म्हणून समजा.

पण निवडायचं कोणतं? निलगिरीखाली उभं राहिलं की निलगिरी पटायची, सुरूपाशी गेलं की सुरू. रात्री डोळे मिटले की तिन्ही झाडं एकदम हात वर करायची. शेवटी डोक्याचा भुगा झाला तेव्हा रोपसाहेबांनी ट्रॅक्टर आणि दोर मागवला.

"ओढायचं. जे झाड उपटून येणार नाही, ते पास!"

"आणि उपटून येईल ते?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"ते नापास."

"तसं नाही हो साहेब. त्याच्या खालच्या मातीचं काय?"

रोपसाहेबांनी दोराची गाठ ओढून बघितली. मग म्हणाले, "तू ओढ."

निलगिरी आली. सुरूही आला, थोडे आढेवेढे घेऊन. बाभूळ मात्र ढिम्म हलेना. रोपसाहेब टाळ्या पिटायला लागले. "ओढ अजून!"

"अहो, पास झाली ना ती?"

"किती मार्कांनी, ते नको कळायला?"

ट्रॅक्टरने जीव खाऊन हिसका दिला. बाभूळ तरीही हलली नाही. हलला तो उतार. बाभळीने धरलेली माती सोडली म्हणून नाही. सगळीच्या सगळी पोटाशी घेऊन ती उभीच्या उभी घसरत आली आणि ताईचं मागचं दार मोडून ओट्याशेजारी ताठ उभी राहिली.

ताई पुढच्या खोलीतून धावत आली. "हे काय रे?"

"पास," रोपसाहेब म्हणाले. "म्हणजे नापास. म्हणजे… ताई, झाड पास झालंय, उतार नापास झालाय."

"मग आता वर काय लावणार?"

"तेच तर कळत नाहीये. पुन्हा लावून बघावं लागेल."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

ताईने काटे चुकवत कपाट उघडलं आणि ट्रंक बाहेर ओढली.

"तुझ्याकडे पंखा आहे ना रे, पाहुण्यांच्या खोलीत?"