पावसाची चौकट

व्हर्डेल टॉलिव्हरने रोजनिशीवर पट्टी ठेवली आणि चौदा मार्चच्या ओळीवर बोट रोवलं.

"मिस्टर रॅकली, या दिवशी पाऊस होता?"

"लिहिलंय ना."

"अकरा दहाला आला, पावणेदोनला गेला. घड्याळ बघून येतो वाटतं?"

"आमच्या मेकन गावचा पाऊस आहे, मिस व्हर्डेल. शिस्तीचा आहे."

तिला हसू आलं नाही. नदीवरचा पूल रखडला होता, आणि उशीर नेमका कशामुळे झाला हे उकलायला काउंटीने तिला नेमलं होतं. पावसाने काम थांबलं तर पूल बांधणाऱ्या कंपनीला मुदत वाढवून मिळायची. यंत्र बिघडलं तर नाही. रॅकली साइटचा प्रमुख, रोजनिशी त्याच्याच हातची. तिच्यात पावसाचे अकरा दिवस होते आणि विमानतळावरच्या हवामानाच्या नोंदींत ते अकराही कोरडे ठणठणीत. शिवाय दर वेळी बंद पडलेलं यंत्र एकच, खांब ठोकायचं. ते सारखं बिघडत असणार आणि हा पठ्ठ्या त्यावर पावसाची छत्री धरत असणार.

"रोजनिशी खोटी ठरली तर तुमची सव्वीस वर्षांची नोकरी जाईल. माहीत आहे ना?"

रॅकलीने टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

तेवढ्यात ठोके थांबले. सकाळपासून छातीत बसणारा तो आवाज एकदम गप्प झाला. तिने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. खिडकीत लख्ख ऊन.

"आजही पाऊस वाटतं," म्हणत ती उठलीच. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

बाहेर यंत्रावरचा एल्रॉय खाली उतरत होता.

"बॉस, रेव्हरंड आज गाणार, की नुसतेच बोलणार? गाणार असतील तर वेळ लागेल, डबा उघडतो!"

"तोंड आवर आणि हेल्मेट काढ," रॅकली तिच्या मागून म्हणाला.

रस्त्यापलीकडे विटांचं छोटं चर्च होतं. पायरीशी लांब काळी गाडी उभी होती आणि सहा जण शवपेटी उतरवत होते.

थोड्या वेळाने उघड्या दारातून रेव्हरंडांचा आवाज आला. आधी साधा, घरच्या बोलण्यासारखा. मग एका शब्दावर तो रेंगाळला, वर चढला, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं झालं. आतून बायकांनी "होय, प्रभू!" म्हणत तो उचलून धरला. व्हर्डेलने रस्ता कधी ओलांडला, तिचं तिलाच कळलं नाही. दाराला हात टेकून ती शेवटच्या आमेनपर्यंत उभी राहिली.

परतली तेव्हा रॅकली टेबलाशीच बसला होता.

"पहिल्या अंत्यविधीला यंत्र चालूच होतं," तो खाली बघत म्हणाला. "पेटीत एक म्हातारी होती, तिची लेक दर ठोक्याला दचकत होती. मग थांबवलं. रोजनिशीत कारणांच्या चौकटी पाचच. पाऊस, वारा, बिघाड, माल नाही, माणसं नाहीत. कुठे बसवू हे?"

"मुदत मिळायची तीच चौकट बरी सापडली."

"सापडली," तो म्हणाला. एवढंच.

व्हर्डेलने कोरा कागद ओढला, पट्टीने एक चौकट आखली आणि वर आजची तारीख घातली.

"अकराही दिवसांचं खरं कारण लिहा. हा कागद रोजनिशीला जोडते. मुदत मिळणार नाही."

"कंपनी हाकलेल मला."

"हाकलेलही."

तिने पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं. मग लिहू लागला. एकेका तारखेपुढे त्या दिवशी पुरलेल्याचं एकेक नाव. अकराही नावं त्याला पाठ होती; कुठे अडखळला नाही.

लिहून झाल्यावर त्याने पेन परत दिलं. तिच्या कोपरापाशी काउंटीला द्यायचा, तिच्या स्वतःच्या वेळेचा तक्ता उघडा पडला होता. त्यात चौकटी तीनच होत्या: कागदपत्रं, पाहणी, प्रवास.

"आणि तुमचे आजचे अडीच तास, मिस व्हर्डेल? ते कुठे बसवणार?"

बाहेर ठोके पुन्हा सुरू झाले. तिने तक्त्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे, आणि पुन्हा पट्टी उचलली.