डावीकडची ओढ

खडूने लिहिलेला ‘डा’ आता उजव्या चाकावर होता. खाचांमध्ये अर्धा पुसला गेलेला, काना तेवढा ठळक… काल सुट्टीच्या दुपारी जॅक लावून तिने पुढची दोन्ही चाकं अदलाबदल केली होती. त्याआधी हवा मोजून सारखी केली होती, आणि त्याच्याही आधी वहीत लिहिलं होतं : एका वेळी एकच बदल. दोष चाकात असेल तर ओढ बाजू बदलेल. बदलली नाही. आज गॅरेजकडे येतानाही गाडी डावीकडेच जात राहिली, तिकडे कुणी ओळखीचं उभं असल्यासारखी.

म्हणजे चाकं संशयातून सुटली. उरले संशयित तीन – चाकांचा कोन, ब्रेक, आणि… तिसरं तिने वहीत लिहिलं नव्हतं.

‘‘गाडी सरळच आहे. तूच ओढतेस.’’

नवरा म्हणायचा. डाव्या सीटवर बसून, मोबाईलमधून मान वर न काढता. आधी चेष्टेत, मग कधीतरी चेष्टा गळून पडली आणि वाक्य तेवढं उरलं. ते कशालाही लागू पडायचं – तिच्या आईच्या फोनला, रविवारच्या बेतांना, जेवताना पडलेल्या शांततेला. प्रयोगशाळेत ती दिवसभर तराजू तपासायची; रिकामं पारडं दोन मिलिग्रॅम दाखवतंय हे तिला लगेच कळायचं. पण मी स्वतःला कोणत्या वजनाशी ताडून बघू? तो वेगळा राहायला गेला त्याला सहा महिने झाले. डाव्या सीटवर आता तिची पिशवी बसायची.

गॅरेजच्या मिस्त्रींनी ती पिशवी उचलून मागे ठेवली आणि ते तिथे बसले. गाडी त्या बाजूला किंचित दबली. एवढंसं दबणं – आणि तिला उगाचच भरून आलं.

‘‘चला. एक फेरी मारू. चालवा तुम्हीच.’’

कारखान्यामागचा सपाट, मोकळा रस्ता.

‘‘आता हात सोडा.’’

‘‘अं?’’

‘‘स्टिअरिंग सोडा हो ताई, मी बसलोय ना. तुम्ही तिचा असा गळा धरलात तर ती बिचारी बोलणार कशी?’’

तिने एकेक बोट सैल केलं. चाळीसचा वेग, मांडीवर दोन रिकामे हात… आणि गाडी निघाली डावीकडे. कुणीही न ओढता.

‘‘बघा! बघितलंत ना?’’ ती जवळजवळ ओरडलीच.

‘‘बघितलं. सरळ करा, आणि ब्रेक न मारता थांबू द्या आपोआप.’’

गाडी थांबल्यावर ते उतरले. पालथा हात आधी उजव्या चाकाजवळ नेला, मग डाव्या. तिथे तो थोडा रेंगाळला. ‘‘या इकडे. जपून, टेकवू नका. हिला ताप आहे.’’

तिनेही पालथा हात धरला. उजवं कोमट. डाव्यातून मात्र सरळ झळ येत होती… असा हात शेवटचा कधी धरला होता? दोन हिवाळ्यांपूर्वी, त्याच्या कपाळावर. ‘गार आहे तुझा हात,’ डोळे मिटूनच तो म्हणाला होता, ‘राहू दे तसाच.’ आणि तिने तो ठेवला होता, मुंग्या येईपर्यंत.

‘‘ब्रेक धरून बसलाय,’’ मिस्त्री सांगत होते. ‘‘तुम्ही पाय काढला की उजवा सोडतो. हा सोडत नाही. थोडंसंच, पण धरून ठेवतो.’’

‘‘म्हणजे… माझ्या हातात काही नाही ना?’’

‘‘तुमच्या हातात? अहो, तुमच्या हातानेच तर इतके दिवस सरळ चालली ही.’’

गॅरेजमध्ये परतल्यावर तासाभरात ब्रेक अडकवणारी गंजलेली पिन निघाली, घासली गेली, वंगण लागून परत बसली. बाकड्यावर बसून तिने तेवढ्या वेळात मोबाईलवर नवऱ्याला लिहिलं : डावा ब्रेक होता. माझा हात नव्हे. दोन वाक्यं. पुरावा वहीत, साक्षीदार समोर. पाठवायचं बटण मात्र दाबलं नाही – घरी पोचून, निवांत, नीट पाठवू.

परतताना रस्ता तोच. पिशवी पुन्हा डाव्या सीटवर. आणि गाडी… उजवीकडे सरकायला लागली.

तिने सावरलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा चुकलं का काही? मग, मिस्त्री शेजारी नसतानाच, तिने बोटं सैल केली – गाडी दोरी धरल्यासारखी सरळ. हात ठेवला – उजवीकडे. सोडला – सरळ.

हातच होता. नसलेल्या ओढीला अजून उत्तर देत असलेला. ती पलंगाच्या उजव्या कडेलाच झोपायची, अजून, डावीकडची जागा सोडून. दार उघडताना आवाज होऊ नये म्हणून अजून जपायची… आणि हे सावरणं कधीपासूनचं? ब्रेक धरायला लागण्याआधीपासूनचं तर नव्हे? कदाचित शेजारी बसून त्याला जाणवत होतं ते हेच. कदाचित त्यालाही दुसरा शब्द सापडला नसेल.

मोबाईलच्या पडद्यावर ती दोन वाक्यं तशीच होती. पहिलं खरं होतं. दुसऱ्याबद्दल तिला आता काही सांगता येईना.

तिने हात परत स्टिअरिंगवर ठेवला, नुसता टेकवला. किती जोर लावायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. पालथ्या हातावर मघाची झळ अजून होती, किंवा असल्यासारखी वाटत होती.