धुरपताबाईच्या रडण्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, पण माझ्यात एकही गाणं नाही. माझ्यात एका बाईचं रडणं आहे. त्या रडण्यावर निम्मा परभणी जिल्हा पोट धरून हसला. लोक म्हणतात, मी फार नाव कमावलं. असलं नाव वैऱ्यालाही मिळू नये.

सेलूच्या बाजारात एका काचेच्या कपाटात मी कोरी पडून होते. बोरीजवळच्या खेड्यातल्या दिनकररावांनी मला विकत घेतलं ते त्यांच्या पुतण्यासाठी. पुतण्या बन्सीधर फौजेत होता, दूर सरहद्दीवर. घरची माणसं टेपपुढे बसून बोलायची आणि ती कॅसेट त्याला टपालाने पाठवायची. गाय व्याली, पाऊस बरा आहे, तब्येत जप, एवढंच माझ्या वाट्याला यायचं होतं.

पण मी टेपमध्ये जायच्या आतच बन्सीधरचे वडील मुंजाजी वारले. तार गेली, तरी पोराला रजा मिळाली नाही. आमच्या भागात माणूस गेलं की बाया नुसत्या रडत नाहीत. गेलेल्याशी बोलत, त्याचे गुण सांगत, सूर लावून रडतात. घरातली जवळची बाई सुरुवात करते, मग बाकीच्या तिचा सूर धरतात. तुझ्यामागं रडायला कुणी उरू नये, यापेक्षा मोठा शाप इथे नाही. दिनकरराव म्हणाले, "पोराला बापाचं तोंड दिसलं न्हाई, वहिनीचं रडणं तरी त्याच्या कानावर पडू द्या." त्यांनी टेप अंगणात ठेवला, आणि मुंजाजींची बायको धुरपताबाई जे रडली ते सगळं माझ्यात उतरलं.

"मला कदी टाकून बोलला न्हाईत वो मालक... लेकराला कदी बोट लावलं न्हाई... समदा राग त्या म्हशीवर काढला... आता म्हशीला शिव्या कोण दील वो मालक!"

शेवटच्या बोलाला तिचा आवाज चिरकला. अंगणातल्या बाया ओक्साबोक्शी रडल्या. त्या दिवशी कुणीही हसलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

टपालात मी गहाळ होईन या भीतीने दिनकरराव माझी नक्कल करायला सेलूला नागनाथच्या दुकानात गेले. नागनाथ कॅसेटी भरून द्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक सांगेल ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. नक्कल बन्सीधरला गेली आणि मी घरी आले. पण नागनाथने त्यातला एक तुकडा गुपचूप स्वतःकडे ठेवला. गाणी भरून झाली की शेवटी थोडी फीत उरते आणि ती मोकळी राहिली की गिऱ्हाईक कुरकुरतं. त्या उरलेल्या जागेत तो धुरपताबाईचं शेवटचं वाक्य घालू लागला. फक्त शेवटचं. मुंजाजींच्या मायेचं आधीचं बोलणं तेवढ्या जागेत मावत नव्हतं. आणि मावलं असतं तरी ते ऐकून हसलं कोण असतं?

मग काय विचारता! लग्नाच्या मांडवात गाणी संपली की "म्हशीला शिव्या कोण दील!" चहाच्या हॉटेलात तेच, कापसाच्या जिनिंगवर तेच. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आवाज जितका खरखरीत होत गेला, तितकं लोकांना जास्त हसू येऊ लागलं. यात कुणाचा तरी नवरा मेला आहे, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. धुरपताबाई बाजाराला गेली, तर भाजीवालीच म्हणाली, "मावशी, तेवढं एकदा म्हणून दावा की!" भोवती माणसं जमली. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि पुन्हा बाजाराला गेली नाही.

बन्सीधर रजेवर आला तो सेलूहून जीपमधून. ड्रायव्हरने टेप लावला होता. गाणी संपली, आईचा आवाज आला आणि सगळी जीप खदखदली. ही माझी आई आहे, असं म्हणायचं धाडस त्या फौजीला झालं नाही. घरी येऊन तो जेवला नाही.

दिनकरराव तडक नागनाथकडे गेले. तो वर तोंड करून काय म्हणाला, ते त्यांनी घरी येऊन सांगितलं. "काका, तुमच्या वहिनीला सारा जिल्हा वळखायलाय, अन् तुमी भांडायलात? माज्याकडलं पुसतो. पण घरोघरचं कसं पुसू?"

दिनकररावांची बायको दगडाबाई तेव्हा दम्याने अंथरुणाला खिळली होती. जावा-जावा उभा दावा म्हणतात, पण या दोघी जावा एका ताटात जेवायच्या. तिने धुरपताबाईचा हात धरला. "अक्का, मी गेल्यावर मोकळ्या गळ्यानं रडा. लोक हसले तर हसू द्या. मला गुमान धाडू नगा."

"रडंल गं बाई, लय रडंल," धुरपताबाई म्हणाली.

दगडाबाई हिवाळ्यात गेली. घर माणसांनी भरलं. बाया धुरपताबाईकडे बघत थांबल्या, कारण तिने सुरुवात केल्याशिवाय कुणी सूर धरणार नव्हतं. तिने जावेच्या तोंडावरून हात फिरवला, श्वास घेतला, आणि तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला. चारठाण्याहून आलेल्या भुजंग नावाच्या पाहुण्याने उपरण्याखाली टेप आणला होता. आवाज भरून घ्यायचं बटण दाबल्याचा तो खट्ट मी कोनाड्यात असूनही ओळखला. धुरपताबाईनेही ओळखला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दगडाबाईला मुकाट्याने उचललं. माघारी बाया कुजबुजल्या, "बघा की, सख्ख्या जावंसाठी टिपूस न्हाई. नवऱ्यापायी मातर केवढा गळा काढला व्हता!" आणि भुजंग निघताना म्हणाला, "उगाच नवे सेल घातले."

मित्रांनो, शेवटी काही बोध सांगायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. आम्हाला धुळीपासून जपा, उन्हापासून जपा, असं मी म्हणायला हवं. मला नका जपू. कुणाचं रडणं कानावर आलं, तर आधी विचारा की गेलं कोण. धुरपताबाईला नाव नको होतं. जावेला दिलेला एक शब्द तिला पाळायचा होता, आणि तुमच्या हसण्याने तो पाळू दिला नाही.