कासरा कुणाच्या हाती

मालूबाईनं पदर पुन्हा एकदा सारखा केला आणि नवऱ्याच्या मागोमाग कोर्टाच्या ओसरीत पाय टाकला. दारातच नंदकुमार वकिलांनी उखर्डूला अडवलं.

"ध्यानात आहे ना? बैल म्हातारे आहेत, त्यांच्यानं पळवत नाही, एवढंच म्हणायचं. केस तिथंच संपली."

"हो जी," उखर्डू म्हणाला.

मालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पवळ्या अन् मोत्या म्हातारे? पण वकिलासमोर काय बोलणार! ती मागच्या बाकाच्या कडेला जाऊन बसली.

झालं होतं ते इतकंच. पंधरा दिवसांमागं बाजार करून दोघं जसोंडीला परत निघाली होती. शहराच्या टोकाचा राजपुरा मागं पडला, मोकळी सडक लागली आणि त्यांची हलकी बैलगाडी, दमणी, जी सुटली ती सुटलीच. सुकलाल शिपाई शिट्ट्या फुंकत सायकलवरून मागं लागला. बैल पाण्याला थांबले, तेव्हा कुठं तो धापा टाकत पोचला. भरधाव गाडी हाकल्याचं चालान त्यानं उखर्डूच्या नावानं फाडलं, कारण कासरा तेव्हा उखर्डूच्या हातात होता. वाटभर मात्र तो मालूबाईच्या हातात होता.

हे नेहमीचंच होतं. गावाबाहेर ती हाकायची, आणि माणसं दिसली की मुकाट्यानं कासरा नवऱ्याकडं द्यायची. जसोंडीच्या शिवेवरच्या निंबाखाली तर न चुकता. बायको गाडी हाकते म्हटल्यावर लोक नवऱ्यालाच नावं ठेवणार ना!

उखर्डू तसा देवमाणूस, पण गाडी हाकण्यात अगदी गोगलगाय. त्याच्या दमणीत बसायचं तर शिदोरी दुप्पट घ्या, अशी गावभर थट्टा. चालान फाटलं आणि सगळं पालटलं. ती थट्टा ज्यानं काढली, त्या शेजारच्या भिकननं स्वतः बोलावून चहा पाजला. "उखर्डूभाऊ, पोलिसाले मागं टाकलं रे तू!" उखर्डू मिशीत हसायचा; हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. नवऱ्याचं ते हसू पाहून मालूबाईला बरं वाटायचं. आणि भाकरी थापताना आत काहीतरी सलायचंही. पळवली मी, अन् नाव ह्यांचं.

आज तर भिकन चार माणसं घेऊन मजा बघायला आला होता.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट साहेब ग्वाल्हेरकडचे. राज्यं जोडून नवा मध्यप्रदेश झाला, तेव्हा बदलून आलेले.

"गाड़ी तुम चला रहे थे?" त्यांनी विचारलं.

उखर्डूनं वकिलांकडं पाहिलं, भिकनकडं पाहिलं. मग मान वळवून मालूबाईकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"साहेब, वकीलसाहेब म्हणतात, बैल म्हातारे सांग," तो म्हणाला. "ते म्हातारे नाहीत. असे पळतात की काय सांगू! पण माझ्या हातानं नाही पळत."

"मतलब?"

"आमच्या घरची हाकत होती. मी मागं दोन्ही हातांनी दमणी धरून रामराम म्हणत होतो."

कोर्टात हशा पिकला. भिकननं तोंडावर उपरणं धरलं, वकिलांनी कपाळावर हात मारला. अगं बाई, ह्यांना झालं तरी काय! मालूबाईचे कान तापले.

"तुमने देखा नहीं?" साहेबांनी सुकलालला विचारलं.

"हुजूर, धूल ही धूल थी..."

साहेब ओठ दाबून हसले आणि मालूबाईकडं वळले.

"क्यों बाई, सच है? सोच लो. फिर दंड तुम पर लगेगा."

मालूबाई उभी राहिली. आवाज निघाला तो खणखणीत.

"खरं आहे साहेब. लावा दंड. पण मालूबाई म्हणून लिहा, नुसतं ह्यांची बायको नका लिहू."

दोन रुपये दंड झाला. कारकुनानं उखर्डूचं नाव खोडून वर तिचं लिहिलं. ते लिहून होईस्तोवर ती टेबलाशी उभी राहिली.

परतीच्या वाटेवर राजपुरा मागं पडताच मालूबाईनं कासरा हाती घेतला. मागं थोड्या अंतरावर भिकनची गाडी येत होती.

"आता गाव हसणार तुमाले," मालूबाई म्हणाली.

"हसू दे. आधीबी हसतच होतं."

"मग सांगितलं कशाले?"

"पंधरा दिवस लोकं मले विचारत होती, कशी पळवली म्हणून," उखर्डू म्हणाला. "मले काय मालूम, कशी पळवली?"

ती खुदकन हसली. मन कसं भरून आलं होतं.

निंब आला. पलीकडं पारावर माणसं बसलेली दिसत होती. मालूबाईनं सवयीनं बैल थांबवले आणि मागं न बघताच कासरा नवऱ्याकडं धरला. कुणी तो घेतला नाही. तिनं वळून पाहिलं. उखर्डू बाजूला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून गाढ झोपला होता.

बोटांतली बिडी मात्र पेटलेली होती.

मालूबाईनं कासरा आवळून धरला आणि बैलांना हाळी दिली.