पुंडलिकरावांच्या भाच्याचं विमान

पुंडलिकराव ढोमणे आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहायचे. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तोफगोळ्यांचे फ्यूज भरायच्या विभागात ते सुपरवायझर होते. पासष्टची लढाई थांबून तीन महिने झाले होते, पण फॅक्टरीतला ओव्हरटाइम काही थांबला नव्हता. डिसेंबरातल्या एका रविवारी ते माझ्या व्हरांड्यात आले आणि बुटाची नाडी सोडायला त्यांनी इतका वेळ लावला, की काहीतरी मागायला आलेत हे मला कळून चुकलं.

मी शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते आणि आसपासच्या आठ-नऊ मुलांना गणित शिकवत होते. मुलं समोरच बसली होती.

"बाई, एक हिशोब होता," पुंडलिकराव म्हणाले. "माझा नाही. भाच्याचा. अमरावतीला असतो. त्याला विमान चालवायला शिकायचं आहे."

"किती वर्षांचा आहे?"

"आहे तसा... शिकण्याच्या वयाचा."

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. एक इंदूरच्या फ्लाइंग क्लबचं दरपत्रक, एक नागपूरच्या. दोन माणसं बसतील एवढी लहान विमानं, तासावर पैसे. इंदूरला सभासद होण्याचे साठ रुपये आणि तासाला छत्तीस. नागपूरला पंचाहत्तर आणि तासाला बेचाळीस. लायसन्ससाठी चाळीस तास उडायचं.

पाठ्यपुस्तकातल्या हौदाला दोन नळ लावून लावून मी कंटाळले होते. मुलांना तर त्या हौदात बुडवावंसं वाटत असणार. असं ताजं उदाहरण घरी चालत आलं म्हटल्यावर मी कागद थेट मुलांच्या हाती दिले. पुंडलिकरावांना ते फारसं आवडलं नाही, पण मागायला आलेला माणूस बोलणार काय.

शशिकांतने अर्ध्या मिनिटात हात वर केला. तो नेहमीच अर्ध्या मिनिटात हात वर करायचा. "इंदूर पंधराशे, नागपूर सतराशे पंचावन्न. इंदूर सस्तं आहे. दोनशे पंचावन्ननी."

"मीही तेच काढलं होतं," पुंडलिकराव खूश होऊन म्हणाले.

"दोघांचंही बरोबर," मी म्हटलं. "आता पाच मिनिटं गप्प बसा आणि विचार करा, या कागदावर काय लिहिलेलं नाही."

माझी ही सवय मुलांना माहीत होती. उत्तर बरोबर आलं की मी खूश व्हायच्या ऐवजी अजून काहीतरी विचारते, अशी त्यांची जुनी तक्रार होती. पाच मिनिटांनी प्रतिमा बोलली. अकरा वर्षांची, मोजकं बोलणारी मुलगी.

"भाचा राहणार कुठे?"

"नागपूरला माझी बहीण आहे, तिच्याकडे. इंदूरला कोणी नाही. तिथे खोली आणि खाणावळ, रोजचे पाच रुपये धर."

"किती दिवस?"

दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की रांगेत इतर शिकणारेही असतात, तेव्हा एकेकाच्या वाट्याला दिवसाला सरासरी चाळीस मिनिटं येतात. चाळीस तासांचे साठ दिवस झाले. साठ दिवसांचे तीनशे रुपये इंदूरच्या बाजूला गेले.

"आणि रेल्वेचं भाडं?"

"जाऊन-येऊन नागपूरचे चोवीस, इंदूरचे चाळीस."

प्रतिमाने पेन्सिल थांबवली. "काका, हे तर जबलपूरहून आहे. भाचा अमरावतीहून जाणार ना?"

पुंडलिकराव खाकरले. "तो आधी इथे येईल. मला भेटायला."

"अच्छा," प्रतिमा म्हणाली आणि लिहायला लागली. "बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? वीस रुपये मिठाई-कपड्याचे. चलो, झालं. इंदूर अठराशे चाळीस, नागपूर सतराशे नव्याण्णव."

शशिकांतचं इंदूर एक्केचाळीस रुपयांनी महाग निघालं. तो मान खाली घालून पुन्हा बेरीज करत बसला. चूक सापडेना.

पुंडलिकराव मात्र वेगळ्याच आकड्यात अडकले होते. "साठ दिवस," ते पुटपुटले. "अर्न्ड लीव्ह तर वर्षाला तीसच मिळते."

व्हरांड्यात एक मुलगा खुदकन हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला. प्रतिमा अजिबात हसली नाही. तिने पाटीवर 'भाचा' लिहिलं होतं, त्याच्यापुढे 'फॅक्टरीत नोकरीला' असं लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

तेवढ्यात त्यांची बायको, नर्मदा, त्यांना जेवायला बोलवायला आली. पाटी तिने वाचली.

"भाच्याची पत्रं आपल्या क्वार्टरच्या पत्त्यावर येऊन राहिली दोन महिन्यांपासून," ती म्हणाली. "मी म्हटलं, बघू, हा भाचा घरी कधी येतो. अमरावतीला तर यांचं कोणीच नाही, बाई."

पुंडलिकराव एक्केचाळीस वर्षांचे होते. फॅक्टरीत त्यांच्या हाताखाली पंचवीस माणसं होती आणि ती त्यांना घाबरून असायची. इथे ते एका पाटीसमोर कान लाल करून बसले होते.

"काका, लायसन्स मिळाल्यावर विमान कोणाचं चालवणार?" शशिकांतने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"कोणाचंच नाही."

"मग काहून शिकून राहिले?"

पुंडलिकरावांनी नर्मदेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणीच मदतीला आलं नाही, तेव्हा बोलले. "आम्ही जे भरतो ना, ते वर जातं. अठरा वर्षं झाली. आमच्या हातून गेलेलं काही परत येत नाही, आणि येऊ नये असंच ते बनवलेलं असतं. लढाईत तर रात्रंदिवस भरलं. मला एकदा काहीतरी वर न्यायचं आहे आणि जसंच्या तसं खाली आणून ठेवायचं आहे. बस."

मग प्रतिमाने पाटी पुसली. "मग चाळीस तास कशाला लागतात?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. दरपत्रकावर पहिल्या सोलोचाही उल्लेख होता. सोलो म्हणजे शिकवणारा खाली उतरतो आणि शिकणारा एकटा एक फेरी मारून विमान परत आणतो. त्याला सरासरी पंधरा तास लागतात असं लिहिलं होतं. पंधरा तासांचे तेवीस दिवस, एक दिवस धुक्याचा धरून चोवीस. इंदूरचे सातशे साठ झाले, नागपूरचे सातशे एकोणपन्नास. फरक अकरा रुपयांचा, पण दिवस तिसात बसले. ओव्हरटाइमचे नऊशे रुपये पोस्टात होते.

"उरलेल्या एकशे एक्कावन्नचा टेबल पंखा येईल," नर्मदा म्हणाली. "भाच्याला सांगा, माझी हरकत नाही."

पण ओव्हरटाइम होता तोवर सगळ्यांच्या रजा बंद होत्या. रजा मिळाली ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. ते वर्षभर पुंडलिकराव व्हरांड्यासमोरून जाताना मुलं "काका, भाचा कसा आहे?" असं विचारायची आणि ते गंभीरपणे "अभ्यास करून राहिला" असं सांगायचे. नोव्हेंबरात ते नागपूरला गेले. मुलांनी पाटीवर चोवीस रेघा ओढल्या आणि रोज एक पुसली.

पंचविसाव्या दिवशी ते परत आले आणि व्हरांड्यात बसले. या वेळी नाडी सोडायला काहीच वेळ लागला नाही.

"पंधरा तास झाले," ते म्हणाले. "सोलो नाही झाला."

प्रतिमाचा चेहरा उतरला. "गणित तर बरोबर होतं."

"गणित बरोबरच आहे," मी म्हटलं. "पंधरा ही सरासरी आहे. शशिकांत पाढा एका दिवसात पाठ करतो, तू तीन दिवसांत करतेस. सरासरी दोन दिवस. पण दोन दिवसांत पाठ करणारं तुमच्यात कोणी आहे का?"

"आणि तिसऱ्या दिवशी शशिकांत विसरलेला असतो," प्रतिमा म्हणाली. तेही खरं होतं.

"अडतं कुठे?" मी पुंडलिकरावांना विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं. वर नेणं जमतं, वळवणं जमतं. उतरवताना अडतं. फॅक्टरीत भरलेली वस्तू टेबलावर ठेवायची ती आवाज न करता. कापसावर ठेवल्यासारखी. धक्का म्हणजे काय हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. अठरा वर्षांत हाताला तेच वळण लागलं होतं. विमानही ते असंच ठेवायला जायचे. चाक जमिनीपासून दोन हातांवर आलं की ते त्याला हळू, अजून हळू, असं धरून ठेवायचे आणि विमान तरंगत तरंगत धावपट्टी संपेपर्यंत जायचं. मग शिकवणारा घाईघाईने पुन्हा वर घ्यायचा.

"रोज सांगायचे, ढोमणे, हे अंडं नाही. टेकवा. थोडा आवाज येऊ द्या. मला कळतं, पण हात ऐकत नाही. ते म्हणाले, अजून दोन-तीन तास."

तीन तासांचे एकशे सव्वीस आणि भाड्याचे चोवीस, दीडशे. मुलांनी न सांगता हिशोब केला आणि कोणी तो मोठ्याने वाचला नाही. तो पंख्याचा आकडा होता.

"पुढच्या वर्षी बघू," पुंडलिकराव म्हणाले.

"तोपर्यंत हाताचं काय?" शशिकांतने विचारलं. "हात तर फॅक्टरीतच राहून राहिले."

त्याच्या अर्ध्या मिनिटातल्या उत्तरांपैकी हे एक खरोखर कामाचं होतं. मी घरातून पाण्याने भरलेली कळशी आणवली. "ठेवा खाली. आवाज आला पाहिजे."

पुंडलिकरावांनी कळशी ठेवली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

"फेल," मुलं एका सुरात म्हणाली.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की कळशी उचलायचे आणि ठेवायचे. मुलं परीक्षक. फार आपटली तर पाणी सांडायचं, ते नापास. आवाज आला नाही तरी नापास. मी आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत इतक्या वेळा नापास होऊन इतक्या नियमाने येणारा दुसरा कोणी मला आठवत नाही. घरीही सराव चालायचा. लोटा, पातेली, कोळशाची बादली. सकाळी फॅक्टरीत जाताना मात्र दारात दोन मिनिटं थांबून हात झटकायचे आणि पुन्हा जुने हात घेऊन जायचे. तिथे चुकून चालणार नव्हतं.

दीड महिन्याने नर्मदा माझ्याकडे आली. "बाई, घरात भांडी आपटायचा हक्क माझा होता. आता मी आपटली तर हे म्हणतात, छान, पण जरा लवकर टेकवलीस. अशाने मी वर्ष नाही काढणार." तिने पोस्टाचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "यांना सांगा, जाऊन या म्हणावं. मी सांगितलं तर पंख्याचं काय, म्हणून वाद घालतील. तुमचं ऐकतात."

"पंखा?"

"उन्हाळे काय, दरवर्षी येतात," ती म्हणाली, आणि पुस्तक तसंच ठेवून निघून गेली.

फेब्रुवारीत एका रविवारला जोडून दोन दिवसांची कॅज्युअल घेऊन ते गेले. बुधवारी परस्पर ड्यूटीवर हजर झाले, त्यामुळे संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत काय झालं ते कोणालाच कळेना. मुलांनी त्या दिवशी एकही गणित धड सोडवलं नाही. नर्मदा साडेचारपासूनच माझ्याकडे निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. त्या तांदळात खडे नव्हते, मी पाहिलं होतं.

पुंडलिकराव आले. पायरीवर बसले. मुलं भोवती गोळा झाली.

"या वेळी रांग नव्हती, रोज तासभर मिळाला. काल आधीच्या दोन फेऱ्यांना त्यांनी काही म्हटलं नाही," ते सांगू लागले. "तिसऱ्यांदा उतरलो, तर इंजीन चालूच ठेवा म्हणाले आणि स्वतः दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, रागावले. त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला, दार लावलं आणि हाताने खूण केली, जा. आधी सांगत नाहीत, बाई. सांगितलं असतं तर मी तीन रात्री झोपलो नसतो."

"मग?"

"मग गेलो. एक माणूस कमी, म्हणून ते फटकन वर उठलं. वरून काय दिसलं ते विचारू नका, मी काही पाहिलं नाही. शेजारच्या सीटकडेच बघत होतो. मग धावपट्टी समोर आली. मी म्हटलं, पुंडलिक, कळशी. टेकवलं. दोनदा उसळलं, पण थांबलं. मी खाली उतरून चारही बाजूंनी फिरून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता."

ते आपल्या तळहातांकडे बघत होते. नर्मदाही तांदूळ सोडून त्यांच्या हातांकडेच बघत होती.

"किती वेळ वर होता?" प्रतिमाने विचारलं.

"आठ मिनिटं."

पाटीवर पेन्सिल वाजू लागली. मी तिला थांबवू शकले असते, पण भागाकार अर्धा सोडायला मी कोणाला शिकवलेलं नाही. "एकूण आठशे नव्याण्णव," ती म्हणाली. "भागिले आठ. मिनिटाला एकशे बारा रुपये सदतीस पैसे, वर थोडे." आणि मग नर्मदेकडे बघून तिने जीभ चावली.

पुंडलिकराव चोरट्यासारखे बायकोकडे वळले. "त्यातही उतरणं म्हणशील तर जेमतेम अर्धा मिनिट," ते म्हणाले. प्रामाणिक माणूस, उगाच स्वतःचा खर्च वाढवून बसला.

नर्मदेने सूप मांडीवरून बाजूला ठेवलं.

"मग आठशे नव्याण्णव त्या अर्ध्या मिनिटाचे लाव, प्रतिमा," ती म्हणाली. "वरचं फिरणं यांना नागपूरवाल्यांनी फुकट दिलं."