पायरीखाली उचललेला बेलभंडार

मतदानाच्या दिवशी सकाळी गोजाबाईची भाकरी तव्यावर करपली, तरी तिला पत्ता नव्हता. तिचे डोळे झोळीत निजलेल्या विमलवर खिळले होते. वर्षाची पोर जरा खोकली की आईच्या काळजात धस्स होई.

कारणही तसंच होतं. चाकणजवळच्या त्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. एका बाजूला यशवंतराव पाटील, दुसऱ्या बाजूला महारवाड्यातला सोनबा. सोनबा एका लहानशा पक्षाचा उमेदवार. त्या पक्षाजवळ ना जीप ना पैसा; निशाणी कंदील, तोही बहुधा तेलावाचून! पण सोनबा सांगे, "निवडून आलो तर आपल्या बाया गावच्या विहिरीत घागर बुडवतील." गोजाबाईचा थोरला ओढ्याचं पाणी पिऊन पटकीने गेला होता. तिला याहून मोठं भाषण नको होतं.

पाटीलही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. चार दिवसांपूर्वी त्याने खंडोबाच्या पायरीखाली सारा महारवाडा गोळा केला. ज्यांची सावलीही देवळाला चालत नसे, त्यांच्यासाठी शपथेपुरता भंडारा बाहेर आला! गोजाबाईच्या सासूने, आक्काबाईने, बेलभंडार उचलून शपथ घेतली.

"घरातली समदी मतं माझ्या बैलाच्या पेटीत," पाटलाने बजावलं. "इमान मोडलंस तर नातीवर देव कोपंल, म्हातारे."

तेव्हापासून गोजाबाईच्या जिवाला थारा नव्हता. नवरा पिंपरीला बांधकामावर गेलेला, विचारणार कुणाला?

आक्काबाई उजाडताच मत देऊन आली. मग पोरीला तिच्या हवाली करून गोजाबाई निघाली. त्या काळी दर उमेदवाराची पेटी वेगळी असे; शाळेच्या खोलीत पडद्याआड दोन पेट्या होत्या. एकीवर बैल, दुसरीवर कंदील. हातातला कागद घामाने भिजला. डोळ्यांपुढे थोरला आला, त्याच्या पाठोपाठ विमल आली.

'देवा, मारायचं तर मला मार. पोरीला हात लावू नको,' असं मनात म्हणत तिने कागद कंदिलाच्या पेटीत लोटला.

दाराशी पाटलाचा माणूस मिशीला पीळ देत उभा होता. "काय गं, इमान राखलंस न्हवं?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि शाळेच्या वळणापलीकडे जाताच ती पदर सावरत धावत सुटली.

आक्काबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा तळहात पोरीच्या छातीवर होता.

"काय झालं माझ्या विमलला?" गोजाबाई किंचाळली.

"निजलीय. वरडू नगंस."

गोजाबाईने सासूचे पाय धरले. "आत्याबाई, म्या इमान मोडलं. सोनबाला मत दिलं. आता काय हुईल वो?"

म्हातारी रागावली नाही. तिने पोरीच्या छातीवरचा हातही काढला नाही.

"सकाळधरनं अशीच बसलीया म्या," ती हळूच म्हणाली. "पोरीचा सास मोजत."

"तुमी? का?"

"म्या बी त्येच केलंय, गोजे."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. विमलला काही झालं नाही. होणार तरी काय होतं!

दिवेलागणीला निकाल लागला. सोनबा पडला. त्याच्या पेटीत तेवीस कागद निघाले. शपथ तर सगळ्या महारवाड्याने घेतली होती. म्हणजे त्या दिवशी तेवीस माणसं आपापल्या लेकरांच्या छातीवर हात ठेवून बसली असणार. आणि ज्याने देवाला मतांच्या बाजारात उभं केलं, तो पाटील देवळाच्या पायऱ्यांवर गुलालात न्हात होता. वाचकहो, देवाला भ्यायचं कुणी होतं?