केवडसाळीचं बी

"अजून किती पानं हायत त्येंच्या हातात?" धोंडुबाईनं मान उंच करून विचारलं.

"वाचू द्या की अक्का. वर पंखा हाय, खाली गादीची खुर्ची हाय. घरात काय भात उतू चाललाय?" शालूबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा समोर बघू लागली.

समोर व्यासपीठावर विद्यापीठाचे कुलगुरू वर्षभराचा आढावा वाचत होते. वर्धापनदिन होता. परिसरातल्या तळ्यांमुळे आता बाहेरून पाणी घ्यावं लागत नाही. छपरांवरच्या सौर पट्ट्यांवर तीन वसतिगृहं उजळतात. सात पेटंट मिळाली. मुलींनी तलवारबाजीत पदकं आणली. दर वाक्याला टाळ्या पडत होत्या आणि शालूबाई मनापासून वाजवत होती, जशी काही ती पदकं तिच्या नातींनीच आणली होती. धोंडुबाईचे हात मांडीवर पडून होते. ह्या बाईला कशाचाही आनंद होतो, हेच तर धोंडुबाईचं दुखणं होतं. आजचं नव्हे, चाळीस वर्षांचं.

त्या दोघी जावा. शाहूवाडीकडच्या एका उतारावर, एकाच पाटाच्या पाण्यावर दोघींची भातखाचरं. थोरलीचं वर, धाकटीचं खाली. वाटण्या झाल्या तेव्हा सासू थोरलीकडे राहिली. पण जेवायला बसली की म्हणायची, "भात तुझा असू दे धोंडे, आमटी तेवढी शालूकडनं आन." ती वाटी हातात घेऊन दोन घरांमधलं अंगण धोंडुबाईनं किती वेळा ओलांडलं असेल! गावात कुणाकडे पावणं आलं की बायका शालूच्या ओट्यावर बसायच्या. लावणीच्या दिवसात शालूनं गाणं धरलं की वरच्या खाचरातल्या बायकासुद्धा खाली सरकायच्या. धोंडुबाई एकटी वाकून रोपं लावायची, आणि तिच्याही ओठांत काहीबाही जुळायचं, जे तिनं कधी कुणाला ऐकवलं नाही:

एका बांधाच्या दोन कडा, एका पाटाचं वाहे पानी
माझ्या वाफ्यात नुसतं भात, तिच्या वाफ्यात पिकती गानी

धोंडुबाईचं म्हणावं असं एकच होतं. केवडसाळीचं बी. शिजताना गल्लीच्या टोकापर्यंत वास जाणारं हे भात सासूनं माहेराहून आणलं होतं, आणि जाताना त्याचं गाडगं थोरलीच्या हातात दिलं होतं. गावानं सुधारित बियाणं धरलं, धोंडुबाईनं मात्र एक खाचर केवडसाळीलाच ठेवलं.

सहा वर्षांमागे शालू दारात येऊन उभी राहिली. "अक्का, आवंदा मला बी पायलीभर बी द्या. आत्याबाईंच्या भाताची लई आठवन येती."

धोंडुबाईनं दिलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. पण आतल्या खोलीत, अंधारात, तिनं त्या पायलीत दोन ओंजळी तांबडं जाडं भात मिसळलं. टरफल तसंच दिसणारं, आत लाल, बेचव. तेवढंही तुझं होऊ नये, इतकंच त्या वेळी तिच्या मनात आलं होतं.

आपल्या हातचं पाप उगवलेलं दिसू नये म्हणून मग ती खालच्या बांधाकडे फिरकलीच नाही. लांबूनच बघायची. भाताला लोंबी धरली की रोज उजाडताना शालू गुडघाभर चिखलात वाकलेली. "खेकडं धरतीया का भाताला नजर लागंल म्हनून राखन करतीया?" असं धोंडुबाई पाणवठ्यावर म्हणाली होती, आणि बायका हसल्या होत्या. सुगी झाली, शालू काही बोलली नाही. धोंडुबाईनं ओळखलं, हिला कळलंच नाही. भाताची पारख कुठली हिला!

पुढे धोंडुबाई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने शिरोळला राहिली. परत आली तर गाडगं रिकामं. शहरात राहणाऱ्या बाळासोनं, तिच्या लेकानं, आपल्या मेव्हण्याच्या पोराच्या, यशराजच्या, बारशाला ते भात कांडून नेलं होतं. "वास झकास हुता आई, सगळ्यांनी मागून मागून खाल्ला," तो म्हणाला. त्याच तीन महिन्यांत विद्यापीठाची माणसं जुन्या भाताचा शोध घेत गावात आली होती. धोंडुबाईच्या दाराला कुलूप बघून ती शालूच्या ओट्यावर जाऊन बसली.

आता जगात केवडसाळ उरली होती ती शालूच्या खाचरातली, तेवढीच. धोंडुबाईनं नासवलेली.

"आता वळतो समाजाशी असलेल्या आपल्या भागीदारीकडे," कुलगुरूंनी पान उलटलं.

गावातल्या शाळांचं झालं, पुराच्या वेळी धावलेल्या विद्यार्थ्यांचं झालं. "...आणि विशेष आनंदाची बाब म्हणजे केवडसाळ. नामशेष होऊ घातलेला हा वाण आपण एका शेतकरी भगिनीच्या सहकार्यानं वाढवला. प्रयोगशाळेत त्याची शुद्धता तपासली. आज एकशे चाळीस शेतकऱ्यांच्या हाती हे बियाणं जाईल. हा ठेवा जपणाऱ्या श्रीमती शालूबाई यांना मी विनंती करतो..."

यंत्राला काय कळतंय, धोंडुबाईला वाटलं. टरफल बघितलं असेल वरनं.

शालूबाई चपला खुर्चीखालीच काढून अनवाणी वर गेली. शाल, श्रीफळ, फोटो. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. "दोन शब्द बोला," कुणीतरी ध्वनिक्षेपक पुढे केला. धोंडुबाई वाट बघू लागली. आता ही म्हणणार, बी माझं नव्हं, थोरलीचं.

"भात चांगलं हाय," शालूबाई म्हणाली. "ज्यास्त पानी दिऊ नगा." आणि हसली. लोकही हसले, पुन्हा टाळ्या.

नावच घेतलं नाही! धोंडुबाईच्या कानशिलांत जाळ उठला. पेरा म्हणावं, खुशाल पेरा. येत्या सुगीला एकशे चाळीस रानांतून तांबडं भात निघेल, आणि मग बघू ही शाल कुठं लपवतेस.

कार्यक्रम संपला. बाहेर झाडाखाली टेबल मांडून प्रकल्पातली साक्षी मॅडम कागदी पाकिटातून बी वाटू लागली. रांग लागली. धोंडुबाई कडेला उभी होती. चंदगडकडची एक बाई पाकीट घेऊन बाजूला आली, तिनं ते नाकाला लावलं, डोळे मिटले. मग पाकीट पोलक्यात सारलं, वरून पदर नीट घेतला. सासूही नवं भात असंच हुंगायची.

धोंडुबाई तिथून हलली ती थेट शालूबाईपाशी. शालीला धरून तिनं तिला बाजूला ओढलं.

"वाटू नगं म्हनावं त्यांस्नी. भेसळ हाय त्यात."

"न्हाय."

"हाय म्हन्ते न्हवं! म्या घातलीया. माझ्या ह्या हातानं. दोन वंजळी."

शालूबाईनं शाल सोडवून घेतली, झटकून खांद्यावर टाकली. "दोन व्हय? मला वाटलं तीन असत्याल."

"म्हंजी तुला ठावं हुतं?" धोंडुबाईनं विचारलं.

"पैल्याच साली लोंब्या फुटल्या तवाच दिसलं. कुठं तांबड्या भाताचं एक ताट उंच, कुठं दोन. रोज उजाडायला रानात जायाचं आन उपटायचं. एक ताट उपटलं की तुमाला एक शिवी. दुसऱ्या साली बी तसंच. तिसऱ्या साली शिवी द्यायाला रानात एक ताट घावलं न्हाय." शालूबाईनं अनवाणी पाय पुढे केला. "चिखलानं पायाला ह्या भेगा पडल्या."

"मग बोलली का न्हाईस? चार मान्सात माझं तोंड फोडायचं."

"आन म्हनायचं काय? थोरल्या जावंनं फसवलं? सगळं गाव तुमच्याकडं बघत बसलं असतं, भाताकडं कोन बघनार?" तिचा आवाज चढला. "आत्याबाईंनी गाडगं तुमच्या हातात दिलं, माझ्या न्हाय. त्या मरताना बी पाय मी दाबीत हुते, तरी न्हाय. मला बी जळायला हुतंया की अक्का. पर दुसरं बी मागाय तुमच्या दारात परत यायाचं न्हवतं मला. म्हनून ह्येच निवडलं."

"आन वर जाऊन माझं नाव घ्यायाला काय झालं?"

"का घ्यावं?" शालूबाईनं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि शालूबाई अनवाणीच तिकडे गेली.

दोन पावसाळे. धोंडुबाईनं मनातल्या मनात ते खाचर चालून बघितलं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकेक ताट हातानं बाजूला करत. तिच्या गाडग्यातलं बी सासूनं निवडलेलं होतं. तिला ते नुसतं राखायचं होतं. आणि खाली, बांधापलीकडे, ती जिला हसत होती तिनं ते नव्यानं घडवलं होतं. पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं. एवढं मोठं ते कधीच उठलं नव्हतं.

तिनं केस सारखे केले आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

"आजी, नाव? गाव?" साक्षी मॅडमनं वर न बघता विचारलं. धोंडुबाईनं सांगितलं. आडनाव, गाव, दोन्ही तेच. मॅडमनं मान वर केली. "म्हणजे शालूबाईंच्या गावच्या की तुम्ही! केवडसाळ पहिल्यांदाच लावताय?"

फोटो काढणाऱ्यांच्या घोळक्यात शालूबाईची शाल दिसत होती. धोंडुबाईनं तिकडे बघितलं नाही.

"व्हय," ती म्हणाली.

"मग नीट ऐका हं." मॅडम समजावू लागली. रोप किती दिवसांचं झालं की काढायचं, दोन रोपांत किती अंतर, पाणी किती बोटं. मध्येच तिनं अंतराचा आकडा चुकवला आणि कागद बघून दुरुस्त केला. धोंडुबाईनं ह्या भातात चाळीस पावसाळे काढले होते. ती मान डोलावत, एकेक शब्द ऐकत राहिली.

"आणि लोंबी धरायच्या वेळी रानात फेरी मारायची. एखादं ताट वेगळं दिसलं, उंच, आधीच फुटलेलं, तर मुळासकट उपटायचं."

"रोज?"

"रोज, आजी. एक राहिलं तरी पुढच्या साली दहा होतात."

मॅडमनं पाकीट पुढे केलं. धोंडुबाईनं पदर पसरला.

"हातात घ्या की आजी, कागदी पाकीट आहे, सांडत नाही."

"असू दे," धोंडुबाई म्हणाली.

मॅडमनं हसून पाकीट पदरात टाकलं. मागच्या बाईनं सरकायला सांगितलं तेव्हा धोंडुबाई दोन्ही हातांनी पदर धरून, पायाखालची वाट बघत, रांगेतून बाजूला झाली.